वाजत्या तारेवर दाबलेले पेडल: नॅशव्हिलचे एक गाणे आणि हवाईहून आलेले वाद्य

नोव्हेंबर १९५३. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातले नॅशव्हिल शहर, तिथले ट्युलेन हॉटेल आणि त्या हॉटेलात थाटलेला कॅसल स्टुडिओ. वेब पिअर्स नावाचा गायक एका संथ प्रेमगीताचे ध्वनिमुद्रण करत होता. गाण्याचे नाव ‘स्लोली’, लिहिणारे स्वतः पिअर्स आणि टॉमी हिल. कागदावर पाहिले तर गाण्यात नवल असे काही नाही. हळूहळू प्रेमात बुडत चाललेल्या माणसाचे मनोगत आहे आणि चाल साधी आहे. त्या काळात अशी गाणी ढिगाने निघत. पण त्या दिवशी साथीला बड आयझॅक्स नावाचा पंचविशीतला वादक पेडल लावलेली स्टील गिटार घेऊन बसला होता. त्याने तारा छेडल्या, आणि त्या वाजत असतानाच पायाने पेडल दाबले.

त्या एका दाबण्याने कंट्री संगीताचा आवाज बदलला. आज कुठेही कंट्री गाणे लागले की मागे जो रडवेला, लांबत जाणारा सूर ऐकू येतो, त्याची लोकप्रिय सुरुवात या गाण्यापासून धरली जाते. हे नेमके कसे घडले ते समजून घ्यायला पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण लागत नाही. आपल्याला सा, रे, ग, म ठाऊक आहेत आणि मींड म्हणजे काय हे कानाला कळते, एवढे पुरे.

आधी कंट्रीविषयी थोडे. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या खेड्यांतून आणि डोंगरवस्त्यांतून वर आलेले हे संगीत. ब्रिटिश बेटांतून आलेल्या लोकांनी त्यात फिडल म्हणजे व्हायोलिन आणले, गुलाम म्हणून आफ्रिकेतून आणलेल्या लोकांनी बेंजो आणला. (आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तो बेंजो निराळा. तो बटणे लावलेला बुलबुलतरंग आहे.) तिसरा मोठा प्रवाह मात्र आला थेट प्रशांत महासागराच्या मध्यातून, हवाई बेटांवरून. कंट्रीच्या चाहत्यांनाही तो कित्येकदा आठवत नाही, आणि आपली गोष्ट खरी तिथेच सुरू होते.

हवाईत गिटार पोचवली गुराख्यांनी. ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हर याने १७९३ मध्ये हवाईच्या राजाला गुरे भेट दिली. ती मोकाट वाढली, इतकी की शेतीची नासाडी होऊ लागली. तेव्हा तिसऱ्या कामेहामेहा राजाने १८३२ च्या सुमारास कॅलिफोर्नियातून, म्हणजे त्या वेळच्या मेक्सिकोतून, निष्णात गुराखी बोलावले. त्यांच्या सामानात गिटार होत्या. हवाईच्या लोकांनी त्या उचलल्या, पण तारा लावण्याची पद्धत आपली केली. काही तारा त्यांनी सैल सोडल्या आणि असे जुळवले की डाव्या हाताने काहीही न दाबता नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी गोड सुरांचा एक जुडगा मिळावा. हे जुळवणे पुढे फार महत्त्वाचे ठरले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ओआहू बेटावरच्या लाइए गावचा जोसेफ केकुकु हा मुलगा तारांवर धातूची वस्तू सरकवून वाजवू लागला. रेल्वेच्या रुळांजवळ सापडलेला बोल्ट त्याने तारेला लावून पाहिला आणि त्यातून निघालेल्या आवाजाने तो खुळावला, अशी कथा सांगतात. या शोधाचे श्रेय बहुतेक जण केकुकुलाच देतात. काही जण मात्र गॅब्रिएल डेव्हिऑन या भारतात जन्मलेल्या आणि हवाईत येऊन पोचलेल्या तरुणाचेही नाव घेतात. मूळ कुणाचेही असो, त्या कल्पनेला वाद्याचे रूप दिले केकुकुने. त्याने तारा पट्टीपासून उंच उचलल्या, म्हणजे पोलादी दांडा पडद्यांना लागू नये. गिटार मांडीवर आडवी घेतली. १९०४ मध्ये तो अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेला आणि गावोगाव वाजवत फिरला. पुढे १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या जागतिक प्रदर्शनात हवाईच्या दालनाने अमेरिकनांना वेडच लावले. हवाईयन संगीताच्या तबकड्या धडाक्याने खपू लागल्या, गिटार शिकवणाऱ्या शाळा निघाल्या.

हे वेड खेड्यातही शिरले. कंट्रीचा पहिला मोठा तारा जिमी रॉजर्स याने जो कैपो या हवाईयन वादकाला घेऊन ध्वनिमुद्रणे केली. डोंगरातल्या माणसाचे दुःख आणि बेटावरचा सरकता सूर यांचे इतके जमले की वीस वर्षांत स्टील गिटार हे कंट्रीचे घरचेच वाद्य होऊन गेले. स्टील हे नाव तिला पडले डाव्या हातातल्या पोलादी दांड्यावरून. गिटार स्वतः लाकडाची असली तरी ती स्टील गिटारच.

आता वाद्य प्रत्यक्ष कसे चालते ते पाहू.

साध्या गिटारीत डाव्या हाताची बोटे तारेला पडद्यांवर दाबतात आणि प्रत्येक पडदा एक ठरलेला स्वर देतो. सतारीतही तसेच, फक्त तिथे तार ओढून मींड काढता येते. स्टील गिटारीत पडद्यांचे कामच नसते. पट्टीवर आखलेल्या रेघा असतात, पण त्या नुसत्या डोळ्यांच्या सोयीसाठी. गुळगुळीत पोलादी दांडा तारांवर अलगद टेकवायचा, दाबायचा नाही, आणि सरकवायचा. तारेची वाजणारी लांबी दांड्यापासून घोडीपर्यंत, त्यामुळे दांडा घोडीकडे नेला की स्वर चढतो, उलट नेला की उतरतो. मधले सगळे श्रुतींचे अंतर सलग ऐकू येते. आपल्याकडची विचित्र वीणाही याच तत्त्वावर वाजते. तिथे पोलादाऐवजी काचेचा गोळा असतो.

यात एक अडचण आहे आणि सगळी गोष्ट त्या अडचणीभोवती फिरते. दांडा सरळ असतो, त्यामुळे तो सगळ्या तारांवर एकाच ठिकाणी टेकतो. मोकळ्या तारा समजा सा, ग, प अशा लावल्या आहेत. हे तीन स्वर एकत्र वाजले की जो गोड, स्थिर जुडगा तयार होतो त्याला पाश्चात्त्य संगीतात मेजर कॉर्ड म्हणतात. दांडा कुठेही नेला तरी तिन्ही तारा बरोबरीनेच चढणार किंवा उतरणार, म्हणजे स्वरांमधली अंतरे तीच राहणार. कुठेही गेलात तरी मेजर कॉर्डच हाती येते, फक्त सा ची उंची बदलते. कोमल गांधाराची उदास कॉर्ड हवी असेल किंवा आणखी काही वेगळे हवे असेल, तर दांडा तिरका धरायचा, नको ती तार टाळायची, नाहीतर वेगळ्या तऱ्हेने तारा लावलेली दुसरी गिटार घ्यायची. म्हणून चाळिशीच्या दशकात एकाच लाकडी चौकटीत दोन, तीन, अगदी चार पट्ट्या शेजारी शेजारी बसवलेल्या स्टील गिटार निघाल्या. वादक गाण्यात मध्येच एका पट्टीवरून दुसरीवर उडी मारत.

तोवर हे वाद्य विजेवरही आले होते. खरे तर बाजारात आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार हीच. जॉर्ज बोशाँ आणि रिकनबॅकर यांनी १९३२ मध्ये विकायला काढलेले ते वाद्य मांडीवर ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होते. आकारामुळे त्याला तळणीचा तवा म्हणत. विजेची गरज आधी या वादकांना भासली, कारण फिडल आणि पितळी वाद्यांच्या गलक्यात आडव्या गिटारीचा आवाज पार बुडून जाई. जगभरच्या इलेक्ट्रिक गिटारचा उगम हवाईयन वाद्यात आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ती शाळेच्या पुस्तकात असायला हवी.

कॉर्ड बदलण्याच्या अडचणीवर तोडगा म्हणून काही बनवणाऱ्यांनी पेडल लावून पाहिले. गिब्सन कंपनीचे इलेक्ट्राहार्प हे त्यातले एक. कल्पना अशी की पायाने पेडल दाबले की खालचा गज खेचला जाईल, गजाला जोडलेली कळ तारेचे टोक ओढेल, ताण वाढेल आणि तार ठरलेल्या उंचीवर जाऊन थांबेल. पाय उचलला की तार मूळ स्वरावर परत. कुठे थांबायचे ते स्क्रू फिरवून आधीच पक्के केलेले. कॅलिफोर्नियात पॉल बिग्स्बी नावाचा कारागीर अशी वाद्ये हाताने घडवत असे. तो मोटारसायकलींच्या दुनियेतून आलेला, लोखंड कापणे आणि साचे करणे यात मुरलेला माणूस. स्पीडी वेस्ट या वादकासाठी त्याने १९४८ मध्ये पेडल स्टील बनवली. आयझॅक्सनेही आपले वाद्य त्याच्याकडूनच करून घेतले.

मग १९५३ पर्यंत पेडल असूनही बदल का झाला नव्हता? कारण पेडल म्हणजे तारा झटपट दुसरीकडे लावण्याची सोय, असेच वादक धरून चालले होते. एक कॉर्ड वाजवायची, आवाज थांबवायचा, पेडल दाबायचे, मग दुसरी कॉर्ड वाजवायची. पेडलची हालचाल ऐकणाऱ्याला कळू न देणे यातच सफाई मानली जाई.

आयझॅक्सने ती हालचाल ऐकवली. त्याच्या एका पेडलने दोन स्वरांच्या तारा एकाच वेळी वर जात. आपल्या भाषेत मांडू. दांडा एका जागी आहे, तारा सा, ग, प अशा वाजत आहेत. पेडल दाबले. ग ची तार वर सरकत म वर गेली. प ची तार वर सरकत शुद्ध ध वर गेली. सा ची तार हललीच नाही. आता ऐकू येते आहे सा, म, ध. म्हणजे मध्यमाला षड्ज मानून बांधलेली मेजर कॉर्ड. कंट्रीच्या गाण्यात पहिल्या कॉर्डवरून या चौथीवर जाणे हे पावलोपावली लागते. दांडा तसूभरही न हलवता गाणे एका घरातून दुसऱ्या घरात गेले.

यातली खुबी नीट पाहण्यासारखी आहे. दांडा सरकवला तर सगळ्या तारा एकत्र, समान अंतराने सरकतात. पेडलने दोन सरकल्या, एक स्थिर राहिली. आणि सरकणाऱ्या दोघींचा प्रवासही सारखा नाही. ग ते म हे अर्ध्या स्वराचे अंतर, प ते ध पूर्ण स्वराचे. एकीला कमी चालायचे आहे, दुसरीला दुप्पट, पण दोघी बरोबर निघतात आणि बरोबर पोचतात. मधल्या क्षणभरात त्या सा शी जे नाते धरतात ते कुठल्याही कॉर्डमध्ये बसत नाही. कानाला एक ओढ लागते, आणि म आणि ध लागताच ती सुटते. सतारीवर अशी मींड निघत नाही, कारण तिथे मींड एका सुरेल रेषेची असते. एका गळ्यातूनही निघत नाही. दोन फिडलवाले शेजारी बसून, एकमेकांचे अचूक ऐकून वाजवतील तर काहीसे तसे होईल. इथे ते एका माणसाच्या घोट्यात आले.

पाय सोडताना उलटे होते. ध उतरत प वर येतो, म उतरत ग वर. हा परतीचा प्रवास मला चढण्याहूनही जास्त हलवतो. गाणाऱ्याने ओळ संपवल्यावर श्वास सोडावा तसा तो येतो. पेडल किती वेगाने दाबायचे आणि किती हळू सोडायचे यात वादकाची सगळी समज दिसते. पाय झटकन मारला तर स्वर नुसता उडी मारतो. पाय सावकाश गेला की मींड. एकाच ओळीत पहिल्यांदा झटका आणि दुसऱ्यांदा मींड ठेवणारे वादक आहेत, आणि दोन्ही जागा शब्द काय म्हणतो त्यावर ठरतात.

पेडल स्टीलच्या रडवेपणात दुसऱ्या पायाचाही वाटा आहे. तार छेडली की आवाज एकदम मोठा येतो आणि लगेच ओसरू लागतो, हा सगळ्या छेडण्याच्या वाद्यांचा स्वभाव. स्टीलवाल्याच्या उजव्या पायाखाली आवाज कमीजास्त करणारे वेगळे पेडल असते. छेडताना तो ते जरा मिटलेले ठेवतो, त्यामुळे नखीचा टणत्कार दबतो. मग तार विरत जाईल तसतसे पेडल उघडत नेतो. तार क्षीण होते, यंत्र तिला उचलून धरते, आणि ऐकणाऱ्याला सूर गजाने काढल्यासारखा सलग लागतो. सारंगीला आपण गळ्याच्या सगळ्यात जवळचे वाद्य म्हणतो ते तिच्या सलगपणामुळे आणि मींडेमुळे. पेडल स्टीलने हे दोन्ही गुण छेडलेल्या तारेत आणले.

डावा हात दांड्यावर, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि दोन बोटांना नख्या, डावा पाय कॉर्डच्या पेडलवर, उजवा आवाजाच्या. पुढे पुढे गुडघ्यांनी डावीउजवीकडे ढकलायच्या कळाही आल्या. वादक शिलाई मशीनवर बसलेल्या शिंप्यासारखा दिसतो: मान खाली, चारही अवयव कामात, आणि एकाचीही दुसऱ्याशी चुकामूक चालत नाही.

सुराचेही थोडे सांगायला हवे, कारण आपल्या कानाशी त्याचे जवळचे नाते आहे. हार्मोनियम किंवा पियानोत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्या वाटपात शुद्ध गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा किंचित चढा पडतो. अर्ध्या स्वराच्या अंतराचे शंभर भाग केले तर सुमारे १४ भाग. तंबोऱ्याच्या झंकारातून जो गांधार आपोआप ऐकू येतो तो खालचा. स्टील गिटारीत तीन तारा लांब वेळ एकत्र वाजत राहतात, त्यामुळे ही गफलत लगेच कानाला टोचते, सूर थरथरतो. म्हणून अनेक पेडल स्टील वादक ग ची तार सूर मोजणाऱ्या यंत्राने दाखवलेल्या खुणेपेक्षा थोडी उतरवून, थरथर थांबेपर्यंत कानानेच लावतात. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. त्या वेळी पेटीवर दोन मोठे आक्षेप होते: मींड निघत नाही आणि गांधार चढा लागतो. नॅशव्हिलचा स्टीलवाला दुसऱ्या वाटेने येऊन नेमक्या याच दोन गोष्टींसाठी धडपडत होता, हे मला विलक्षण वाटते.

आता परत स्टुडिओत. त्या काळचे ध्वनिमुद्रण आजच्यासारखे थरावर थर चढवून होत नसे. गायक आणि वादक एकाच खोलीत, एकाच वेळी, एकाच फितीवर. नॅशव्हिलमध्ये साधारण तीन तासांच्या बैठकीत चार गाणी उरकायची रीत होती. गायकाच्या ओळीत स्टीलवाल्याकडून चूक झाली तर गाणेच सगळ्यांनी पुन्हा वाजवायचे. ड्रम या गाण्यांत क्वचितच असत. ताल धरायचा तो गिटारीच्या ठोक्याने आणि उभ्या बासच्या तारेने. त्यामुळे मध्ये भरपूर मोकळी जागा राही, आणि ती भरायची फिडल आणि स्टील यांनी. गायक ओळ म्हणतो तेव्हा मागे राहायचे, ओळ संपली की दोन मात्रांच्या फटीत आपले म्हणणे मांडायचे आणि पुढची ओळ यायच्या आत बाजूला व्हायचे. नाट्यपदाला पेटीची साथ ऐकलेल्या माणसाला हे लगेच ओळखू येईल.

पिअर्सचा आवाज उंच पट्टीतला, नाकातून येणारा, जरा धारदार. अशा आवाजामागे तितकेच धारदार वाद्य ठेवले तर दोघे एकमेकांवर आपटतात. पेडलने वळणारा मऊ सूर त्या धारेखाली बसला. पिअर्सने ओढून म्हटलेल्या शब्दाला स्टील आपल्या कॉर्डने उत्तर देते, आणि उत्तरातही तोच उतार असतो. गाण्याचा विषयच हळूहळू घसरत जाण्याचा. वाद्याने तो विषय शब्दांशिवाय सांगितला. गाणे आणि वाद्य यांची अशी गाठ क्वचित पडते, आणि ‘स्लोली’ आजही ऐकावेसे वाटते ते यासाठी. नवी युक्ती सापडल्याचा दिमाख त्यात कुठेही नाही.

डेका कंपनीने तबकडी काढली. १९५४ मध्ये ती बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-साप्ताहिकाच्या कंट्री यादीत १७ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. तो काळ ज्यूकबॉक्सचा. रस्त्याकडेच्या दारूच्या गुत्त्यांत नाणे टाकून लोक गाणी लावत, नाचत, रडत. त्या गोंगाटातही हा सूर कापत जाई. गावोगावच्या स्टीलवाल्यांना लोक विचारू लागले, ते तुला वाजवता येते का? दांडा कितीही फिरवला तरी ते निघेना. मग आपापल्या वाद्यांना पेडल बसवून घेण्याची एकच धावपळ उडाली. पेडल दहा वर्षांहून जुने होते, पण वादकांना त्याची गरज पटवली एका गाण्याने.

पुढची पायरी गाठली इंडियानाच्या बडी एमन्स या तरुणाने. आयझॅक्सच्या पेडलने दोन्ही स्वर एकदम चढत. एमन्सने ते काम दोन पेडलांवर वाटून दिले. आता नुसता ग चा म करता येतो, नुसता प चा ध करता येतो, किंवा आधी एक आणि मागाहून दुसरा. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो, पण त्याने वाद्याला वाक्ये बोलता येऊ लागली. सा, ग आणि ध असे स्वर एकत्र आले की आणखी निराळा, जरा विचारात पडलेला रंग येतो, तो मूळ रचनेत सुटा मिळतच नव्हता. १९५७ मध्ये एमन्स आणि शॉट जॅक्सन यांनी मिळून शो-बड ही वाद्ये बनवणारी कंपनी काढली. १९६२ मध्ये एमन्सने आणखी दोन तारा जोडल्या आणि दहा तारांची जी रचना झाली तीच आज नॅशव्हिलची ठरलेली रचना आहे.

सगळ्यांनाच हे मानवले नाही. ओहायोचा जेरी बर्ड हा त्या पिढीतला फार मोठा स्टीलवादक. त्याने पेडलला पायही लावला नाही. सूर हाताने आणि कानाने घडवायचा, यंत्राने नव्हे, यावर तो ठाम राहिला. नॅशव्हिलमध्ये पेडलशिवाय काम मिळणे अवघड होत गेले, तेव्हा १९७२ मध्ये तो होनोलुलूला जाऊन राहिला. खुद्द हवाईत तेव्हा तरुण स्टीलवादक फारसे उरले नव्हते. बर्डने तिथल्या मुलांना त्यांच्याच बेटांवर जन्मलेले वाद्य शिकवले. माझे मन पेडलच्या बाजूने आहे, तरी बर्डचे वादन ऐकल्यावर त्याचा हट्ट अनाठायी होता असे म्हणवत नाही.

हाच पोलादी दांडा आपल्याकडेही आला, आणि इथे त्याने वेगळी वाट धरली. हवाईचे ताउ मो आणि त्यांचे कुटुंब जगभर कार्यक्रम करत फिरले आणि चाळिशीच्या दशकात कोलकात्यात राहिले. तिथून हवाईयन गिटारचे वेड बंगालात पसरले. मुंबईत व्हॅन शिपली यांनी सिनेमातली गाणी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवून तबकड्या काढल्या आणि त्या घराघरांत वाजल्या. रागसंगीतात हे वाद्य रुजवले ब्रिजभूषण काब्रा यांनी. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी केली. तबल्यावर माणिकराव पोपटकर होते. निर्मिती होती एचएमव्हीच्या जी. एन. जोशी यांची, म्हणजे मराठी भावगीताचा पाया घालणाऱ्या त्याच जी. एन. जोशींची. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीला चिकारी आणि तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा घडवली, आणि अमेरिकन वादक राय कूडर यांच्यासोबत केलेल्या तबकडीला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळाले.

भारतीय वादकांनी पेडल मात्र घेतले नाही. त्याचे कारण संगीतातच आहे. रागात कॉर्ड बदलत नाहीत, सा ठाम असतो आणि एकच सुरेल रेषा त्याच्याभोवती फिरते. तिथे दांडा पुरतो. दोन तारांनी वेगवेगळ्या अंतराने सरकण्याची गरज पडत नाही. गरज पडते ती मागे घुमणाऱ्या आसेची, म्हणून इथे तरफा जोडल्या गेल्या. नॅशव्हिलला कॉर्ड बदलत जाणारे गाणे पेलायचे होते, म्हणून तिथे पेडल जोडली गेली.

ऐकायचे असेल तर क्रम असा ठेवा. आधी हँक विल्यम्सचे कुठलेही गाणे, ज्यात डॉन हेल्म्स यांची पेडल नसलेली स्टील आहे. तिथे सगळा सूर एका अंगाने सरकतो. मग ‘स्लोली’. त्यात स्टील पुढे येते तेव्हा वर जाणाऱ्या स्वरांकडे लक्ष देऊ नका, जो स्वर हलत नाही तो शोधा. तो सा एकदा कानाला सापडला की बाकीचे दोन त्याच्या अंगावरून सरकताना स्पष्ट ऐकू येतात. आणि मग एमन्सचे साठच्या दशकातले काहीही लावा, त्या दोन तारा आता वेगवेगळ्या वेळी निघतात.